मदत हवी आहे: 2011 च्या स्विफ्टची दुसरी चावी पुण्यात स्वस्तात कुठे होईल?

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, 2011 ची स्विफ्ट. दुसरी चावी मागच्या महिन्यात सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना कुठेतरी पडली. उरलेलीची अवस्था बघवत नाही: लॉकच्या बटणाचं रबर फाटलंय, सेल हलू नये म्हणून कागदाची घडी खुपसून वरून सेलोटेप गुंडाळलाय.

कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने 150 रुपयांत डुप्लिकेट कापून दिली. दार मस्त उघडतं, गाडी काही सुरू होत नाही. गाडी जिच्यावरून चावी ओळखते ती चिप नाही ना त्यात! सर्व्हिस सेंटरचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "त्यापेक्षा बैलगाडी घेऊ."

तर नाना पेठेत किंवा पिंपरी-चिंचवडकडे चिप कोडिंग (म्हणजे नवी चिप गाडीशी जुळवून) करून देणारा खात्रीचा माणूस कोणाला माहीत आहे का? साधारण किती घेतात? रिमोट नसला तरी चालेल, गाडी सुरू झाली म्हणजे झालं.

आणि ऑनलाइन मिळणारं नुसतं कव्हर आणून आतली चिप, सर्किट त्यात घरी कोणी बसवलंय का? ती एवढीशी चिप फरशीवर पडून हरवली तर काय, या भीतीने मी अजून स्क्रू सैल केलेला नाही. एक चावी चालू आहे तोवरच हे काम उरकायचंय, दोन्ही गेल्या तर खर्च फार वाढतो.