उपग्रह पाडून वचक बसतो होय?

बाळीवेसकर: काल एकाने ग्रुपवर टाकलं, "चीनला वचक बसवायचा तर वर्षाला एक उपग्रह पाडून दाखवा." डोकं फिरलं. चीनने २००७ मध्ये स्वतःचाच जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरवर फोडला, तीन हजारांवर तुकडे झाले. बरेच अजून फिरतायत. २०२१ ला रशियाने तेच केलं, तेव्हा अंतराळ स्थानकातले अंतराळवीर जीव मुठीत धरून यानांत जाऊन बसले. त्यात रशियाचेही होते! भाऊबंदाला धडा शिकवायला सामाईक विहिरीत विष कोण टाकतं? एका मोठ्याऐवजी वीस लहान उपग्रह ठेवा. एक पाडून त्याच्या हाती काय लागणार?

हुरडाप्रेमी: वीसचे पैसे काय चादरी विकून आणणार? आपण २७ मार्च २०१९ ला पाडला तो तीनशे किलोमीटरच्या आसपास, कचरा जळून जावा म्हणूनच. अण्वस्त्रबंदीच्या करारात (एनपीटी) १९६७ च्या आधी स्फोट केलेले तेवढे मानकरी, आपण १९७४ चे, बसलो मांडवाबाहेर. या वेळी उपग्रह पाडण्यावर बंदीचं दार लागायच्या आत शिरलो.

बाळीवेसकर: ४५ दिवसांत जळेल म्हणाले होते. काही तुकडे वर्षानंतरही वरच होते. आणि २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत उपग्रह पाडायच्या चाचण्या थांबवायच्या ठरावावर १५५ देश बाजूने, आपण तटस्थ.

हुरडाप्रेमी: चीन-रशिया विरोधात होते, ते बरं आठवत नाही!

पेठेतली_ताई: वरचं राहू द्या ओ. इथे सोलापुरात विमानाच्या वाटेतली साखर कारखान्याची एक चिमणी पाडायला २०२३ उजाडलं. माझी लेक बंगळुरूला, बाळंतपणाला पुण्यावरून फिरून गेले मी.

ऊसवाला: ताई, चिमणीवर येऊ नका. त्या हंगामात मामांचा ऊस फडात वाळला. विमानात बसणारे किती, ऊस लावणारे किती?

पेठेतली_ताई: म्हणजे सोलापूरकरांनी जन्मभर एसटीतच बसायचं?

ऊसवाला: मामांना सांगा येऊन!

बाळीवेसकर: अरे, धागा कशावर, चाललंय काय!

हुरडाप्रेमी: चालू द्या. तुमचं तेवढं मान्य, दरवर्षी पाडायची गरज नाही. एकदा पाडला, पुरे. खूश? पण चिमणीबाबत ऊसवाले चूक आहेत.

ऊसवाला: तू कधी ऊस तोडलायस का बे?