मदत हवी आहे: स्कॅनर ओपनएसएसएच ९.८ मागतोय, एप्ट ८.९ वरच थांबलंय

टर्मिनलकर:
उबुंटू २२.०४ चा सर्व्हर आहे, दुरून लॉगिनसाठी ओपनएसएसएच वापरतो. ऑडिटच्या स्कॅनमध्ये त्यातल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७ आलाय, उपाय म्हणून 'ओपनएसएसएच ९.८पी१ टाका' लिहिलंय. एप्टने (पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) सगळे अपडेट घेतले तरी डीपीकेजी (बसवलेल्या पॅकेजांची नोंद) ८.९पी१-३उबुंटू०.१० दाखवतं. सोर्सवरून ९.८ कंपाइल करू का?

पॅचपेटी:
अजिबात नको. दुरुस्ती तुमच्याकडे आधीच आहे. मूळ प्रकल्पाने ती १ जुलै २०२४ ला ९.८पी१ मध्ये दिली. उबुंटूने तेवढाच बदल उचलून ८.९ मध्ये बसवला, म्हणजे बॅकपोर्ट केला. २२.०४ साठी तो ३उबुंटू०.१० पासून आहे. स्कॅनर बहुधा बॅनरमधलं (कनेक्शन होताच सर्व्हर सांगतो त्या ओळीतलं) '८.९पी१' वाचून थांबलाय, खरी माहिती पुढच्या शेपटात असते. तो आकडा दशांश समजू नका: ०.१० हे ०.९ च्या नंतरचं.

एलटीएसमध्ये (दीर्घकाळ सपोर्ट असलेल्या उबुंटूत) आवृत्ती गोठवतात ते योग्यच आहे. नव्या आवृत्तीबरोबर वागणूकही बदलते. ९.८ मध्ये एसएसएचडीचे (सर्व्हर प्रोग्रामचे) दोन बायनरी झाले, लॉगमध्ये 'एसएसएचडी-सेशन' येऊ लागलं आणि लॉग वाचून हल्लेखोरांचे आयपी अडवणाऱ्या फेलटूबॅनचे जुने फिल्टर जुळेनासे झाले. कंपाइल करताना पॅमचा (लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय राहिला तर पॅमचं लॉगिन बंद. वर पुढची प्रत्येक दुरुस्ती हातानेच करावी लागेल, एप्ट त्या बायनरीला हातही लावणार नाही.

टर्मिनलकर:
ऑडिटर नुसत्या शब्दावर ऐकणार नाही. पुरावा काय देऊ?

पॅचपेटी:
एप्टने ओपनएसएसएच-सर्व्हरचा चेंजलॉग काढा, त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधा. ती नोंद, डीपीकेजीची पूर्ण आवृत्ती आणि उबुंटूची सूचना यूएसएन-६८५९-१ जोडून 'फॉल्स पॉझिटिव्ह' (खोटा इशारा) म्हणून पाठवा. पुढचं स्कॅन स्कॅनरला लॉगिन देऊन करायला सांगा, म्हणजे तो पॅकेजची यादी वाचेल.

लॉगवाचक:
एक भर. फाइल बदलली म्हणजे चालू प्रोसेस बदलली असं नाही. डीपीकेजीच्या लॉगमधली अपडेटची वेळ आणि एसएसएच सर्व्हिस सुरू झाल्याची वेळ ताडून बघा. हे पॅकेज सर्व्हिस स्वतः रीस्टार्ट करतं, पण ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीचा अपडेट आला की जुनी प्रत मेमरीत तशीच राहते. तिथे काय रीस्टार्ट करायचं ते सांगणारं 'नीडरीस्टार्ट' चालवा.

ज्यांना लगेच पॅच घेता येत नाही त्यांनी लॉगिनग्रेसटाइम (लॉगिनसाठी दिलेली मुदत) ० करावा. त्याने हल्लेखोराने कोड चालवण्याचा धोका टळतो, पण लॉगिन न करता अडवून ठेवलेली कनेक्शन सुटत नाहीत आणि मॅक्सस्टार्टअप्सची (एका वेळी लॉगिन न झालेल्या कनेक्शनची) मर्यादा भरली की तुम्हीच बाहेर. म्हणून फायरवॉलवर एसएसएचचं पोर्ट २२ ठरावीक आयपींनाच उघडा. २०.०४ वाल्यांना यातलं काही नको, तिथे ८.२ आहे आणि ही चूक ८.५पी१ मध्ये शिरली.