वसईच्या घंटांवरची अक्षरं फोटोत उठत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. मी डोंबिवलीची. चार-पाच वर्षांपूर्वी मिररलेस कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची साधी लेन्स, हीच माझ्याकडची एकमेव लेन्स. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे निघायचं आणि रात्री घरी परत यायचं, असं माझं फिरणं असतं. जुनी गावं, किल्ले, बंदरं, वस्तुसंग्रहालयं, एका दिवसात जमेल ते.

आईचं माहेर पंचवटीतलं. नारोशंकराच्या देवळाची घंटा तिच्या लहानपणाच्या निम्म्या गोष्टींत असते. ती घंटा मुळात वसईची, हे मला फार उशिरा कळलं. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. तेव्हापासून मी या घंटांच्या मागावर आहे. नाशिक, वाईजवळची मेणवली आणि भीमाशंकर इथल्या पाहून झाल्या.

आईला आता फार चालवत नाही आणि नजरही अधू झाली आहे. मोठे प्रिंट काढून त्यावरचं साल आणि अक्षरं तिला बोट ठेवून वाचता यावीत, एवढीच इच्छा आहे. नेमकी तीच फोटोत येत नाहीत.

नाशिकला श्रावणात गेले. आभाळ गच्च भरलेलं. नारोशंकराची घंटा दर्शनी भिंतीवर उंच आहे. फोटोत पांढऱ्या आकाशावर काळा डाग दिसतो. एक्स्पोजर वाढवलं तर घंटा उजळते, पण १७२१ हे साल सपाट होऊन धातूत मिसळून जातं. मेणवलीला उलटी अडचण. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथे लहानशा दगडी घुमटीत घंटा टांगलेली आहे. आत काळोख, मागे नदीवरचं लख्ख ऊन. त्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा चट्टा उठला आणि मेरीचा चेहराच गेला. फ्लॅशशिवाय आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) ६४०० वर नेऊन काढले, ते रवाळ आले.

मग वाटलं, जिथून या घंटा निघाल्या तिथेच जावं. वसई रोडला उतरून बसने किल्ल्यात गेले. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांच्यापाशी पोचेपर्यंत बारा वाजले होते. डोळ्यांना वाचता येत होतं, फोटोत नुसता करडा दगड आला. तशीच चालत पाचूबंदराला गेले. वलांडीवर (मासे सुकवायच्या बांबूंच्या मांडणीवर) सुकत घातलेले बोंबील, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा (त्यांना विचारूनच काढला). हे फोटो मात्र मनासारखे आले. ते मालिकेत ठेवणार आहे, कारण ते गाव आजही बंदरावर जगतं.

आणखी एक. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, वेगवेगळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या. तिथल्या प्रत्येक काचेत माझी पिवळी ओढणी आली आहे. यावर काही उपाय?

नवी लेन्स घेण्याइतके पैसे सध्या नाहीत. आहे त्यात काय करता येईल ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, अक्षरांवर रांगोळीची बारीक पूड किंवा खडू हलक्या हाताने चोळा. खोलगट भागात पांढरं बसतं आणि अक्षर स्वच्छ उठतं. गावाकडे वीरगळांवरचे लेख आम्ही असेच वाचायचो.

प्रतिसाद २

कृपा करून हे करू नका. पूड दगडाच्या रंध्रांत बसते, ओल धरून ठेवते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथलाच पापुद्रा सुटतो. खडूने गिरवताना चुकीचं अक्षर पक्कं होतं आणि पुढचा वाचणारा तेच खरं धरून चालतो, हे तर मी स्वतः पाहिलं आहे. जाणकार लोक कागदाचा ठसा घेतात, पण तो परवानगीने आणि शिकून घ्यायचा असतो. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे असं काही करूच नये.

तुम्हाला पूड नको, तिरपा उजेड हवा. घंटेवरची अक्षरं उठावाची असतात. समोरून उजेड पडला की त्यांची सावली पडत नाही, मग कॅमेऱ्याला ती दिसणार कशी? फ्लॅश आणि बाराचं ऊन दोन्ही याच कारणाने फसले. श्रावणातल्या ढगांचंही तेच, उजेड चहूकडून सारखा येतो.

मेणवलीला फ्लॅश बंद ठेवा. तिथल्या लोकांना विचारून साधा टॉर्च न्या. कॅमेरा कट्ट्यावर घडी केलेल्या टॉवेलवर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आयएसओ २००, एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे घंटेचा जास्त भाग स्पष्ट येतो). शटर एक-दोन सेकंद उघडं राहिलं तरी चालेल, घंटा तेवढी हलती नको. टॉर्च हातभर लांब, घंटेच्या अंगाला जवळजवळ समांतर धरायचा, कॅमेऱ्याच्या बाजूने नव्हे. घंटा गोल असल्यामुळे एका वेळी एकच पट्टा उठतो. म्हणून टॉर्च सरकवत सात-आठ फोटो काढा. डावीकडून एकदा आणि वरून एकदा घ्याच, काही अक्षरं एकाच बाजूने बोलतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) काढा.

वसईच्या शिळांसाठी डिसेंबरात जा. हिवाळ्यात सूर्य दुपारीही कललेला असतो. अगदी सकाळी चर्चच्या उंच भिंतींची सावली जमिनीवर असते, ती सरकेपर्यंत थांबायचं. ऊन शिळेवर नुकतं पोचतं ती पंधरा-वीस मिनिटं सोन्यासारखी.

प्रतिसाद ३

मी नाशिकचा. नारोशंकराच्या घंटेला टॉर्च पुरणार नाही, तिथे उन्हाचीच वाट पाहावी लागेल. घंटेवर ऊन आडवं कधी येतं ते रामकुंडाजवळच्या फुलवाल्यांना विचारा, दिवसभर तिथेच बसलेले असतात. घंटेमागे आकाश येणार नाही, भिंत किंवा झाड येईल अशी जागा शोधा. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून पुष्कळ फरक पडतो. लांबची लेन्स विकत नका घेऊ, एका दिवसासाठी भाड्याने मिळते.

काचेचं सोपं आहे. काळे किंवा गडद कपडे घाला, लेन्सचं तोंड काचेला जवळजवळ टेकवा (रबराचं हुड असेल तर उत्तम, काचेला ओरखडा जात नाही). पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काचेकडे तिरकं पाहताना उपयोगी पडतो, सरळ समोरून नाही, आणि आधीच अंधाऱ्या दालनात तो आणखी उजेड खातो. मी तिथे लावत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुडीचं मी करणार नाही, पण प्रतिसाद १ लाही धन्यवाद, तुम्ही आपुलकीनेच सांगितलंत.

काल रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवून पितळी डब्याच्या झाकणावर टॉर्च धरून पाहिला. समोरून धरला तेव्हा झाकणावर कोरलेलं आजीचं नाव दिसलंच नाही. बाजूने धरला आणि एकेक अक्षर उठून आलं. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, नाशिकला जाशील तेव्हा मलाही ने, मी खाली फुलवाल्यांपाशी बसेन.

येत्या रविवारी मेणवली, टॉर्च धरायला भाची येते आहे. नाशिकची तारीख आईची तब्येत पाहून ठरवेन. फोटो आले की इथेच टाकते.