विलगीकरण आणि अलगीकरण: फरक करायचा की नाही?

प्रश्न:
1847 च्या आयरिश दुष्काळपीडितांवरचा लेख मराठीत करते आहे. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीत, क्वेबेकच्या अलीकडे ग्रोस इल नावाचं बेट आहे. तिथलं क्वारंटाईन केंद्र 1832 मध्ये कॉलऱ्याच्या धास्तीनं उभारलेलं. क्वारंटाईन आणि आयसोलेशन, दोन्हींना 'विलगीकरण' लिहिलं आणि परिच्छेदाचा अर्थच लागेना. काय करू?

उत्तर:
दोन शब्द हवेतच. आजाऱ्याला वेगळं काढलं की विलगीकरण (आयसोलेशन). धडधाकट पण संशयित माणसाला ठरावीक दिवस थांबवलं की अलगीकरण (क्वारंटाईन). 2020 मध्ये वर्तमानपत्रांनी दोन्ही शब्द वाटेल तसे वापरले, म्हणून आता ते एकच वाटतात. पण तुमच्या लेखात तर सगळं मर्म याच फरकात आहे! 1847 च्या मेच्या मध्यावर 'सीरिया' हे पहिलं जहाज आलं, आणि महिनाअखेर चाळीसेक जहाजं नदीत खोळंबली. इस्पितळात सोय जेमतेम दोनशेंची. मग धडधाकट माणसंही जहाजावरच राहिली, तापानं फणफणलेल्यांच्या शेजारी, आठवडेच्या आठवडे अंगावर असलेल्या त्याच कपड्यांत. हा ताप टायफसचा. तो उवांमुळे पसरतो, आणि अंग तापलं की ऊ ते सोडून शेजारच्या अंगावर जाते. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी 1909 मध्ये दाखवला. 1847 या एका वर्षात बेटावर पाच हजारांहून अधिक माणसं पुरली गेली. नावाला अलगीकरण, प्रत्यक्षात ना अलग, ना विलग.

आणि कृपा करून टायफसला 'विषमज्वर' लिहू नका. विषमज्वर म्हणजे टायफॉईड.

आणखी एक उत्तर:
1897 च्या प्लेगात पुण्यात हा फरक लोकांना चांगलाच ठाऊक होता. रुग्ण प्लेगच्या इस्पितळात, घरची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात. तेव्हा इंग्रजी शब्द तसाच चालला, पण गल्लत झाली नाही.

'रेफ्युजी'ला मात्र 'स्थलांतरित' नको, फार सौम्य होतं. या आयरिश लोकांतल्या कितीतरी कुळांना जमीनदारांनी झोपड्या पाडून बाहेर काढलं होतं. ज्याचा निवासच गेला तो निर्वासित.

प्रश्नकर्ती:
पटलं. वाक्य असं बदलते: 'निर्वासितांचं अलगीकरण जहाजांवरच झालं, रुग्णांचं विलगीकरण मात्र जागेअभावी रखडलं.'