गिरगावचा पुनर्विकास: घरं वाढतात, तळमजल्याचं काय?

ठाकूरद्वारचा

थेट मुद्द्यावर येतो. गिरगावात चाळी पाडून टॉवर उभे राहतायत याला माझा विरोध नाही. दीडशे फुटांच्या खोलीत पाच माणसांचा संसार ज्यांनी केला, त्यांना चाळ किती छान होती हे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझं म्हणणं तळमजल्याबद्दल आहे. बिल्डिंगच्या प्रत्येक मीटिंगला विषय वरच्या खोल्यांचे असतात. कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम किती, कोणाला कितवा मजला. खालचा वाणी, रफूवाला, गिरणीवाला, खानावळवाला मागच्या खुर्चीवर बसतो, ऐकतो आणि सही करून जातो.

कागदावर त्याचा हक्क शाबूत असतो. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली जुनी उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी, पाडली तर राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं, मग जुनी खोली दीडशेची का असेना. दुकानदाराला जेवढ्यास तेवढं. ऐंशी फुटांचा गाळा होता, ऐंशी फूट घ्या. तेही एक वेळ ठीक. पण मधली वर्षं त्याने कुठे काढायची? घरवाला बोरिवलीला भाड्याने गेला तरी त्याचा संसार चालू राहतो. वाण्याने बोरिवलीला दुकान टाकलं तर तो अ-आ-इ-ईपासून सुरू केलेला नवा धंदा असतो. उधारीची वही तिथे चालत नाही, आणि इथली बुडीत खाती वसूल करायला माणसंही जागेवर नसतात. चाव्या मिळेपर्यंत गिऱ्हाईक तुटलेलं, मुलगा नोकरीला चिकटलेला. मग गाळा जातो एटीएमला नाहीतर मोबाइलवाल्याला. आणि आपण वर म्हणायला मोकळे, की मराठी माणसाला धंदा जमत नाही.

जिन्याखालच्यांचं तर नावच काढू नका. जिन्याच्या बोळात बसून चाव्या करणारा, ओट्यावरचा पेपरवाला. ज्याच्याकडे भाडेपावती नाही त्याला मीटिंगचं बोलावणंही नसतं.

माझी मागणी एवढीच: करारात दुकानांसाठी त्याच भागात तात्पुरती जागा, आणि परत आल्यावर तोच धंदा चालवायची लेखी मुभा. कोणाच्या इमारतीत असं झालंय का?

चौथा मजला

दादा, तुमचं लिखाण वाचलं आणि चिडले. मग शांतपणे परत वाचलं, तरी चिडलेलीच आहे.

आमची बिल्डिंग अजून पडायची आहे. म्हणजे पाडायची आहे. पडेल तेव्हा पडेल. जिन्याला लाकडी टेकू आहेत. दर वर्षी पावसाच्या आधी धोकादायक म्हणून नोटीस लागते आणि ती भिंतीवरच भिजून गळून पडते. पाणी पहाटे येतं, संडास मजल्याच्या टोकाला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत, कारण उतरल्या तर चढवणार कोण? आणि आमचं काम कशावर अडलंय माहितीये? तळमजल्याच्या दोन गाळ्यांवर. त्यांना जेवढ्यास तेवढं नको, दुप्पट हवं. आता ५१ टक्के संमती पुरते हे खरं आहे, पण एक जण कोर्टात गेला की वर्षं कशी जातात ते आम्हाला विचारा.

भेंडीबाजारात २०१७ च्या ऑगस्टमध्ये हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. ती आमच्यापासून किती लांब आहे? त्या रात्रीपासून भिंतीत जरा काही वाजलं की मी उठून बसते. अशा वेळी मला रफूवाल्याच्या गिऱ्हाइकांची चिंता करायला सांगू नका.

ठाकूरद्वारचा

ताई, ते दोघं दुप्पट का मागतात याचा विचार केलाय? धंदा परत उभा राहणार नाही हे त्यांना कळलंय. मग जो काय मोबदला घ्यायचा तो आत्ताच, फुटांत. तात्पुरत्या जागेची हमी दिली असती तर कदाचित अडले नसते.

चौथा मजला

कदाचित. तुमच्या त्या ‘कदाचित’वर मी अजून एक पावसाळा काढू का?

पट्टा_आणि_मोटर

आमची पिठाची गिरणी होती, फणसवाडीच्या बाजूला. दोन्हीकडचं वाचतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गिरणीवर कशावर काय दळायचं याचं आख्खं शास्त्र असतं. ज्वारीवाली बाई आली की पहिला प्रश्न, “याआधी काय गेलं?” मिरची गेली असेल तर ती थांबणार, कोणीतरी आपले तांदूळ पुढे करेपर्यंत. आषाढीच्या आधी राजगिरा आणि वरी सकाळी पहिली, कारण गव्हाचा कण लागलेला चालत नाही. दिवाळीआधी भाजणीचे डबे फुटपाथपर्यंत, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. दगडाला टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून खरखरीत करायचा झाला की बाबा दुपारी लावायचे, म्हणजे कोणाचा खोळंबा होत नसे. हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं. यातलं काहीही गाळ्याच्या चौरस फुटांत मोजलं गेलं नाही.

आम्हाला गाळा मिळाला. वेळेत मिळाला, मापात मिळाला, बिल्डरबद्दल माझी तक्रार नाही. गिरणी बंद पडली ती सोसायटीमुळे. ज्यांनी वीस-वीस वर्षं आमच्याकडे दळण टाकलं, त्याच लोकांनी नव्या बिल्डिंगच्या पहिल्याच सभेत ठराव केला: आवाज आणि धूळ करणारा व्यवसाय नको. एका काकांनी तर बाबांना बाजूला घेऊन समजावलं, “आता बिल्डिंगचा स्टँडर्ड बदललाय.” त्यांचं रोजचं पीठ आमच्याकडून जायचं. बाबा काही बोलले नाहीत. गाळा भाड्याने दिला आणि भाडं गिरणीच्या कमाईपेक्षा जास्त येतं, हेही लिहून ठेवतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच.

तर माझ्या मते यात बिल्डर आणि सरकार दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर आपलेच शेजारी.

रेघोट्या

वास्तुरचना हा माझा पेशा, म्हणून तांत्रिक बाजू मांडते. वरच्या प्रतिसादातल्या काकांची भाषा वाईट होती, पण अडचण खरी आहे. जुनी गिरणी जोत्यावर, म्हणजे थेट जमिनीवर बसलेली असायची. नव्या इमारतीत गाळ्याखाली बहुतेक वेळा तळघरातलं पार्किंग असतं. त्या स्लॅबवर मोटर बसवली की हादरा वर चढतो. हादरे शोषणारी बैठक करता येते, पण ते नकाशा काढताना ठरवायला हवं. नंतर नाही.

खानावळीचं याहून अवघड. जुन्या चाळीत धूर मागच्या चौकात जायचा आणि सगळे खोकत जगायचे. आता धुराचा डक्ट गच्चीपर्यंत न्यावा लागतो. तीस-पस्तीस मजल्यांच्या इमारतीत तो डक्ट प्रत्येक मजल्यावरची जागा खातो, आणि ती जागा विकाऊ असते. डिसेंबर २०१७ च्या कमला मिलच्या आगीत १४ जण दगावल्यानंतर अग्निशमन दलाचा दाखला हा नुसता सोपस्कार समजण्याचे दिवस गेले, आणि बरंच झालं. त्यामुळे विकासक सरळ सांगतो, गाळे घ्या पण चूल नको. मग तिथे काय येतं? बाहेरून तयार माल आणून गरम करणारी दुकानं. चव बिघडली म्हणून आपण मालकाच्या नावाने बोटं मोडतो. खरं तर त्याला चूलच दिलेली नाही.

थोडक्यात, धाग्यात मागितलेली लेखी मुभा पुरेशी नाही. मुभा असेल आणि डक्ट नसेल तर ती मुभा भिंतीवर लावा.

कल्याण स्लो

मला एक गंमत वाटते. गिरगावातली दुकानं गेली म्हणून सगळ्यात मोठ्याने रडणारे आम्हीच, जे खोली विकून कल्याण-विरारला गेलो. पाडव्याच्या शोभायात्रेला नऊवारी नाहीतर फेटा घालून यायचं, विनय हेल्थ होमला मिसळ खायची, फोटो टाकायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. एवढ्या गिऱ्हाइकीवर कोणाचं दुकान चालणार? खोताच्या वाडीतली अनंताश्रम खानावळ बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी निम्मे जरी महिन्यातून एकदा जेवायला गेले असते ना...

ठाकूरद्वारचा

हे दर धाग्यावर येतंच. पण वाण्याचं दुकान काही पाडव्याच्या गिऱ्हाइकावर चालत नव्हतं, वरच्या चाळीस खोल्यांवर चालत होतं. त्या चाळीस खोल्या एकाच दिवशी रिकाम्या झाल्या. गिऱ्हाईक बेइमान झालं नाही, उठवलं गेलं.

जुना पुराणा

प्रत्येक पिढीला वाटतं आपलं गिरगाव तेच खरं. ‘आलमआरा’ १९३१ साली जिथे लागला ते मॅजेस्टिक थिएटर पाडून शॉपिंग सेंटर झालं. आज त्या शॉपिंग सेंटरमध्ये जाणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं का? नाही, त्याला तेच जुनं वाटतं. इराणी आले तेही बाहेरूनच, उडपीही बाहेरून. उडप्यांमुळे आमच्या खानावळी बसल्या अशी तक्रार मी माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकली आहे. शहर म्हटलं की हे चालायचंच.

आणि जपायचंच असेल तर पैसेवाला मालक लागतो. रॉयल ऑपेरा हाऊस १९११ चं, कित्येक वर्षं कुलूपबंद होतं, २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं. मालक गोंडलचं राजघराणं. वाण्याच्या मागे कुठलं राजघराणं उभं राहणार आहे?

पट्टा_आणि_मोटर

काका, इराण्याने खानावळवाल्याला धंद्यात हरवलं. आम्हाला कोणी हरवलं नाही. आमचा डाव चालू असताना पट उचलून ठेवला आणि पाच वर्षांनी म्हणाले, आता खेळा.

कव्हरवाला

बराच वेळ गप्प बसून वाचतोय. “गाळा मोबाइलवाल्याला जातो” म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलंय तो मी. नव्या टॉवरच्या तळमजल्यावर कव्हर, चार्जर, स्क्रीन गार्ड. गाव सातारा जिल्ह्यात. पाटी देवनागरीत, ठळक, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली त्याच्याही आधीपासून. भाडं महिन्याच्या पाच तारखेला जातं, धंदा होवो न होवो. जुन्या वाण्याला पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या जागेचं जे भाडं होतं तेवढ्यात माझा चहा-पाण्याचा खर्च भागत नाही.

मला एवढंच विचारायचंय: तुम्ही ज्याला धंदा म्हणता तो फक्त पिठाचा आणि मिसळीचा का? गिरगावातली म्हातारी माणसं माझ्याकडे फोन घेऊन येतात, नातवाचा व्हिडिओ कॉल लावून दे म्हणून. मीही लावून देतो, पैसे घेत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीनचं गिरगाव स्टेशन सुरू झालं तेव्हापासून येणारी-जाणारी गिऱ्हाइकं वाढलीत. पण माझा करार संपला की मालक भाडं वाढवणार आणि मलाही उठवणार. तेव्हा माझ्यासाठी कोणी धागा काढणार आहे का?

ठाकूरद्वारचा

काढेन की. तुमच्यावर राग नाहीच. ऐंशी फुटांच्या गाळ्यात टिकतं तेच येतं, आणि त्या भाड्यात कव्हरंच टिकतात.

कव्हरवाला

मग “जातो मोबाइलवाल्याला” असं नाक मुरडून लिहू नका.

भिंडीबाजार शेजारी

अहो, शेजारीच उदाहरण आहे आणि कोणी काढत नाही. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टचा प्रकल्प. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं, सगळं समूह पुनर्विकासात. दुकानं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरली होती, तात्पुरत्या जागांसकट. एकेका चाळीचा सुटा विकास केला की दुकानाला जागा उरत नाही. दहा चाळी एकत्र केल्या तर टप्प्याटप्प्याने हलवता येतं.

रेघोट्या

तत्त्वतः बरोबर. पण तिथे एका समाजाचा ट्रस्ट मागे उभा आहे, आणि ट्रस्टच्या शब्दाला मान आहे. तरीसुद्धा वर्षानुवर्षं काम चाललंय. गिरगावात दहा चाळी म्हणजे दहा मालक, त्यांच्या भावंडांचे दावे आणि चाळीगणिक एकेक स्वयंभू सेक्रेटरी. एका गणपतीच्या वर्गणीवर एकमत करून दाखवा, मग समूह विकासाचं बोलू.

कल्याण स्लो

वर्गणीवर होतं हो एकमत. खर्चावर होत नाही.

चौथा मजला

विषय लांबला. आमची मीटिंग रविवारी आहे. नुसता उमाळा नको, कागदावर काय लिहायचं ते सांगा. दोन ओळींत.

रेघोट्या

एक: काम चालू असेपर्यंत दुकानदाराला चालत पाच-दहा मिनिटांच्या आत पर्यायी गाळा; तो देता आला नाही तर घरभाड्याच्या दराने नाही, तर बुडालेल्या उत्पन्नाच्या हिशेबाने भरपाई. दोन: सध्याचा धंदा परवान्यासह यादीत लिहून घ्या, त्याला लागणारा डक्ट, वीजजोडणी आणि मोटरची बैठक मंजूर नकाशात दाखवा, आणि नवी सोसायटी त्याविरुद्ध ठराव करणार नाही असं कलम घाला. सोसायटी नंतर शब्द फिरवू शकते, पण नकाशातला डक्ट सहजासहजी बुजवता येत नाही.

पट्टा_आणि_मोटर

आणि जिन्याखालच्याचं नाव यादीत घाला. पावती नसली तरी. निदान नाव असू दे.

चौथा मजला

त्याचं नाव कोणालाच माहीत नाही, सगळे चावीवाला म्हणतात. विचारून घेते. दोन्ही कलमं मांडेन. पण आधीच सांगते, यावरून सही एक महिना जरी लांबली तर कलमं काढा म्हणून पहिला हात माझा वर जाईल.

ठाकूरद्वारचा

आणि ते दोन गाळेवाले याच कलमांवर दुप्पटीचा हट्ट सोडायला तयार झाले तर? मीटिंगच्या आधी त्यांच्याशी कोणी बोललंय का?

चौथा मजला

मी नाही. आमचं बोलणं बंद आहे. उद्या मिस्टरांना पाठवते.