"आवड नाही" म्हणजे नक्की काय? शाखा निवडताना मुलगा-मुलगी हा हिशोब कसा तपासायचा?

कोरी_पाटी:
गणितात ९० च्या पुढे असलेली मुलगी म्हणते, "कॉम्प्युटर नको, आवड नाही." नर्सिंगला शोभेल असा मुलगाही हेच म्हणतो. आवडीच्या चाचणीचा निकालही बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूने लागतो. खरी नावड कोणती आणि ऐकीव समजातून आलेली कोणती, हे सल्ला देणाऱ्याने ओळखायचं कसं? समानतेवर भाषण नको, तपासायची पद्धत हवी आहे.

मोजपट्टी:
आधी निकालपत्र नीट वाचा. दिलेला आकडा कच्चा गुण आहे की पर्सेंटाइल (शंभरातल्या किती जणांच्या पुढे, ते सांगणारा आकडा)? पर्सेंटाइल असेल तर कोणाच्या तुलनेत? "इंजिन उघडून पाहायला आवडेल का" अशा प्रश्नांवर, हातात कधी पान्हाच न आलेली मुलगी "नाही"वर खूण करणार. कच्च्या गुणांत ती तळाला दिसते, पण फक्त मुलींशी तुलना केली तर तीच बरीच वर असू शकते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय बोलूच नका. (स्ट्राँग यांच्या नावाने ओळखली जाणारी आवडीची चाचणी १९२७ ची. स्त्रियांसाठी वेगळी १९३३ मध्ये आली. पुढे पुरुषांची पुस्तिका निळी आणि स्त्रियांची गुलाबी असे. दोन्ही एकत्र व्हायला १९७४ उजाडलं!)

मग कागदावर तीन रकाने आखा: "करून पाहिलं, नाही आवडलं", "कधी केलंच नाही" आणि "केलं असतं, पण लोक काय म्हणतील". प्रत्येक "नाही" यातल्या एका रकान्यात टाकायला लावा. नावड म्हणून फक्त पहिला रकाना धरायचा. दुसऱ्यातल्या गोष्टी आधी करून पाहायच्या, निर्णय नंतर.

बेरीज_वजाबाकी:
वरच्याशी सहमत, पण खरी गंमत गुणपत्रिकेत आहे. विद्यार्थी स्वतःला दोन पट्ट्यांनी मोजतो: एक वर्गातल्या इतरांशी, दुसरी स्वतःच्याच बाकीच्या विषयांशी. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. मुलीला गणितात ९२, भाषेत ९६. ती म्हणते, "मी भाषेची." शेजारच्या मुलाला गणितात ८५, भाषेत ७०. तो म्हणतो, "मी गणिताचा." ९२ वाली बाहेर आणि ८५ वाला आत! वांग, एकल्स आणि केनी यांच्या २०१३ च्या अभ्यासातही दिसलं की गणित आणि भाषा दोन्ही उत्तम असणारे लोक गणिती-वैज्ञानिक क्षेत्राकडे कमी वळतात, आणि या गटात मुली जास्त असतात. म्हणजे अडचण न जमण्याची नाही, जास्त गोष्टी जमण्याची आहे.

उपाय अगदी साधा. भाषेचे गुण हाताने झाका आणि गणिताचे गुण थेट त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या अटीशी ताडून पाहा. एवढं करूनही तिने भाषाच निवडली तर विषय संपला. तिला ढकलू नका.

पहिलं_सत्र:
प्रवेशानंतरची गळती कुणी धरलीच नाही. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्गात घरी कोडिंग करून आलेली चार मुलं भराभर उत्तरं देतात. बाकीच्यांना वाटतं, ही हुशारी. असतो तो फक्त सराव. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास पहिल्या कोर्समध्ये नवखे आणि अनुभवी यांचे वर्ग वेगळे केले, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेऐवजी पायथन ही दुसरी भाषा आणली आणि वर्ग गाजवणाऱ्यांना बाजूला घेऊन समजावलं. काही वर्षांत या शाखेतल्या मुलींचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासवरून ४० वर गेलं. अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर शाखेच्या प्रवेशाचे निकष बदलले, आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाचं महत्त्व कमी केलं. तिथे १९९५ मध्ये ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२. पाच वर्षांत मुलींचा मेंदू बदलला नसणार.

म्हणून विभागाला तीन प्रश्न विचारा. कोडिंग कधीच न केलेल्यांसाठी वेगळी तुकडी आहे का? पहिल्या वर्षानंतर किती जण शाखा सोडतात, आणि त्यात मुली किती? शाखा बदलायची शेवटची तारीख कोणती? पहिल्या चाचणीचे गुण पाहून निर्णय घेऊ देऊ नका. निदान दुसरं सत्र संपू द्या, आणि तुलना करायचीच तर तिच्यासारख्या नवख्यांशी करा.

कोरी_पाटी:
रकान्यांची कल्पना आवडली. पण मुलांचं काय? नर्सिंगवाला तसाच राहिला.

मोजपट्टी:
त्याचा "नाही" बहुधा तिसऱ्या रकान्यात निघेल. "तुला जमेल" असं सांगून उपयोग नाही, त्याची भीती जमण्याची नाहीच. त्याला एक अख्खी शिफ्ट बघायला पाठवा, रुग्णाची माहिती पुढच्या शिफ्टकडे सोपवतात तिथपर्यंत. आयसीयू, व्हेंटिलेटर असा "मर्दानी" भाग तेवढा दाखवून भुलवू नका. बेडपॅन समोर आलं की तो पळेल.

आणखी एक. स्त्रियांच्या मानल्या जाणाऱ्या पेशात पुरुषांना, त्यांची इच्छा नसली तरी, वरच्या जागांकडे रेटलं जातं. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये याला काचेचा सरकता जिना म्हटलं. तेव्हा खाटेजवळ काम करायचंय की प्रशासनात, हे त्याला आधीच विचारून ठेवा.

कोरी_पाटी:
रकाने भरून घेताना आईवडील समोर असावेत का?

बेरीज_वजाबाकी:
पहिल्यांदा नकोत, तिसरा रकाना रिकामाच राहील. कागद भरून झाला की बोलवा, आणि कागद विद्यार्थ्यालाच वाचून दाखवू द्या. तुम्ही वाचलात तर ते तुमच्याशीच वाद घालत बसतील.