शब्दचर्चा : ‘ओव्हररेटेड’ सिनेमाला आपल्याकडं काय म्हणावं?

हिंगणघाटकर (मूळ प्रश्न)

परवा संध्याकाळी गावातल्या पानठेल्यासमोर सिनेमावरून जुंपली. दिवाळीला घरी आलेला एक पोट्टा, पुण्यात शिकतो, बोलता बोलता म्हणाला, “सैराट ओव्हररेटेड आहे.” बाकड्यावर बसलेल्या काकाजींनी विचारलं, “म्हंजे खराब हाये का?”

“नाही काकाजी, खराब नाही.”

“मंग तुले आवडला नाई का?”

“आवडला ना. दोनदा पाह्यला.”

“मंग काय म्हनून राह्यला तू?”

पोट्टा अडला. आम्ही चार-पाच जण होतो, आम्हीही अडलो. शेवटी ठेलेवाला पानाला कात लावता लावता म्हणाला, “त्याचं म्हननं असं हाये का त्याले भाव जास्त भेटला.” काकाजींना ते लगेच पटलं. आणि त्यांनी लगेच पुढचं विचारलं, “कोनं देल्ला?”

दोन दिवस झाले, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून इथं मांडतो.

त्या पोट्ट्यानं शोधाशोध करून ‘अतिमूल्यांकित’ असा शब्द आणला. तो कोणाच्याही तोंडात बसणार नाही. ऐकला की रजिस्ट्रीच्या वेळचं जमिनीचं मूल्यांकन आठवतं. मग आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द एकेक करून पाहिले.

‘फाजील कौतुक’ सगळ्यांत जवळचा. फाजील हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. मूळ अर्थ उरलेलं, वरचं, जास्तीचं. उर्दूत त्याच शब्दानं विद्वान माणसाचा गौरव होतो. मराठीत मात्र त्याला तिखट वास लागला : फाजील लाड, फाजीलपणा. ‘फाजील कौतुक’ म्हटलं की दोष कौतुक करणाऱ्याकडं जातो, हे या शब्दाचं मोठं बळ आहे. पण त्यासोबत लाडानं बिघडलेलं लेकरूही डोळ्यांसमोर येतं. चांगला सिनेमा जास्त कौतुकानं बिघडत नाही. तो होता तिथंच असतो.

‘डोक्यावर घेतलेला’ एवढंच सांगतो की लोकांना आवडला. वाजवीपेक्षा जास्त आवडला हे त्यात नाही. ‘नाव मोठं लक्षण खोटं’ तर सरळ मालालाच खोटं ठरवतं. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणं’ माणसासाठी ठीक आहे, दिग्दर्शकाला चढवता येईल, सिनेमाला कसं चढवणार?

राहता राहिला ‘भाव’. आणि मला वाटतं, शब्द इथंच आहे. इंग्रजी ‘रेट’सुद्धा लॅटिनमधल्या हिशेबाच्या, ठरलेल्या हिश्श्याच्या शब्दातून आला आहे. म्हणजे मूळ गोष्ट मोजमापाचीच. आणि आमच्याकडं मोजमाप कसं होतं ते सांगतो. कापसाची गाडी खरेदीला लागली की प्रत ठरवणारा ग्रेडर गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस काढतो, चिमटीत धरून धागा ओढतो, लांबी पाहतो. मग ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरतात, त्यावर गेला की भाव कापतात, १२ टक्क्यांच्या वर गेला की घेतच नाहीत. २०२५-२६चा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० रुपये आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल. धाग्याच्या लांबीवर ४०० रुपयांचा फरक. एका वर्षी आमचा कापूस एका ठिकाणी खालच्या प्रतीत घातला. गाडी परत आणली, दोन दिवसांनी दुसरीकडं नेली, तिथं वरची प्रत भेटली. कापूस तोच होता, गाडीतून उतरलाही नव्हता. माल आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ‘ओव्हररेटेड’ हा शब्द भावाबद्दल बोलतो, आणि आपण तो मालाबद्दल वापरतो. गोंधळ इथं आहे.

तर ‘चढ्या भावाचा सिनेमा’ म्हटलं तर चालेल का?

आर्वीकर

दादा, नाही चालणार. ‘चढ्या भावाचा’ म्हटलं की तिकीट महाग असंच कोणीही समजेल. माझ्याकडं दुसरं आहे. आमचे बाबा एका मोठ्या हिरोच्या अलीकडच्या सिनेमाबद्दल म्हणाले होते, “फरदडीले पयल्या वेच्याचा भाव देऊन राह्यले लोकं.” मला तेव्हापासून याच्याइतकं नेमकं काही सापडलं नाही.

ज्यांच्याकडं कापूस नाही त्यांच्यासाठी : सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की पहिला वेचा (पहिली वेचणी) निघतो. तो पांढराशुभ्र, मोकळा, हातात घेतला तर फुलासारखा. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी (कापसाचं झाड) उपटली नाही, पाणी देऊन ठेवली, की नंतर जे बोंड येतं ती फरदड. धागा आखूड, कवडी (किडका, डागी कापूस) जास्त, अळीचं खाल्लेलं.

हिंगणघाटकर

ही म्हण मी आजपासून वापरणार. फक्त तिचा अर्थ जरा आणखी बारीक आहे असं मला वाटतं. पहिल्या दोन सिनेमांनी कमावलेलं नाव पुढच्या दहा सिनेमांना पुरतं, तेव्हा ही चपखल बसते. भाव खरा होता, पण पहिल्या वेच्याचा होता. सैराटला ती लागत नाही.

वणीकर

‘पाणी मारलेला’ का नको? कापसावर पाणी मारून वजन वाढवतात, तसं जाहिरात करून सिनेमाचं वजन वाढवतात. आमच्याकडं पोट्टे म्हणतात, “पानी मारलं हाये त्याच्यावर.”

हिंगणघाटकर

हा शब्द जाहिरातीनं फुगवलेल्या सिनेमासाठी ठेवावा. पाणी मारणारा मुद्दाम मारतो, त्याला फसवायचं असतं. पण एखादा समीक्षक मनापासून भारावून लिहितो तेव्हा तो फसवत नसतो. त्याचं माप चुकलं असेल, किंवा आपलं. नावाजलेल्या सिनेमांबद्दल बोलायचं तर हा भेद सोडून चालणार नाही. (‘नावाजणं’ हा शब्दही पाहा. फारसीत ‘नवाज’ म्हणजे कृपा करणारा, गरीबनवाजमधला. आपण त्यात ‘नाव’ ऐकलं आणि नाव होणं असा अर्थ पक्का केला.)

दर्यापूरकर

काकाजींचा ‘कोनं देल्ला’ मला फार आवडला. त्याच प्रश्नानं एक उदाहरण देते.

लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकात १९५२पासून दर दहा वर्षांनी जगातले समीक्षक मतं देऊन सर्वश्रेष्ठ सिनेमे निवडतात. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. १९६२ ते २००२ पाचही वेळा ‘सिटिझन केन’, २०१२ला ‘व्हर्टिगो’. २०२२ला मत देणारे सोळाशेच्या वर गेले आणि पहिला आला ‘जान डीलमान’, शांताल अकेरमन या बाईंचा १९७५चा सिनेमा. एका विधवा आईचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, दिवे बंद करते, आणि कॅमेरा हलत नाही. लांबी तीन तासांच्या वर. निकाल लागला तेव्हा जगभर ओरड झाली, ओव्हररेटेड म्हणून.

माझ्या मुलानं तो लावला आणि अर्ध्या तासात उठून गेला. मी शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी ती कामात चुकायला लागते, बटाटे जास्त शिजतात, ती पातेलं घेऊन घरभर फिरते, कुठं ठेवावं सुचत नाही. तिथं माझ्या पोटात खड्डा पडला. माझी सासू जाण्याआधीच्या महिन्यात अशीच गंज, म्हणजे पातेलं, घेऊन ओसरीवर उभी राहायची. मुलगा ‘ओव्हररेटेड’ म्हणतो. त्याला मी म्हटलं, “तुला कंटाळा आला असं म्हण. ते खरं आहे आणि त्यात काही वावगं नाही.” कंटाळा आला हे आपल्याबद्दलचं वाक्य. ‘ओव्हररेटेड’ म्हटलं की आपण सोळाशे लोकांना चूक ठरवतो, तेही त्यांचं नाव न घेता.

वरोरेकर

ताई, अगदी. ‘कोर्ट’ या मराठी सिनेमाच्या वेळी आमच्याकडं हेच झालं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला गेला, म्हणून मित्रांनी मिळून पाहिला. अर्धे म्हणाले ओव्हररेटेड. खोदून विचारलं तर कोणी म्हणे संथ आहे, कोणी म्हणे कोर्टात असं होत नाही, कोणी म्हणे शेवट कळला नाही. तीन वेगळ्या तक्रारी, एकाच इंग्रजी शब्दात गुंडाळलेल्या. ज्याची जमिनीची केस पंधरा वर्षं चालू आहे तो मित्र मात्र गप्प बसला होता. तो म्हणाला, “तारीख अशीच भेटते.” आणि त्यात शाहीर कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. २०२१ला कोरोनात गेले. त्यांचा आवाज आठवला की मला ‘संथ’ हा शब्दही उच्चारवत नाही.

वडसेकर

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव. तिथं भाव देणारा समोर थंडीत घोंगडी पांघरून बसलेला असतो. तिसऱ्या अंकाला किती माणूस बसून आहे ते पाहायचं. झालं.

वणीकर

मग शोले घ्या. १९७५चाच. सुरुवातीला समीक्षकांनी नाकं मुरडली, फिल्मफेअरमध्ये एकच पुरस्कार, तोही संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये पाच वर्षं लोकांनी चालवला. आता कोणी शोले ओव्हररेटेड म्हटलं, तर ‘कोनं देल्ला’चं उत्तर ‘आमच्या मायबापांनी’ असं आहे. त्यांच्याशी भांडायची तयारी ठेवून बोलावं.

पुसदकर

मला एक बोचणारी गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर काही केलं की शहरातून वाहवा होते. तो भाव विषयाला असतो, सिनेमाला नसतो. दयेपोटी दिलेला भाव मला सहन होत नाही. आमच्या घरात ते झालेलं आहे. त्याला काय शब्द आहे तुमच्याकडं?

हिंगणघाटकर

भाऊ, तुमच्या घरावर जे आलं त्यापुढं शब्दांची चर्चा फार लहान आहे. तरी विचारलंत म्हणून सांगतो. अशा कौतुकाला ‘कीव’ हाच शब्द आहे, आणि तो तसाच तोंडावर वापरावा. “त्यांनी कीव केली, सिनेमा पाहिला नाही.”

पण एक विनंती. २००९चा ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहिला नसेल तर मन घट्ट असेल त्या दिवशी पाहा. शेजारच्यानं जीव दिल्यावर बायकोला धास्ती बसते की आपला नवराही तेच करील. ती त्याला एकटं सोडत नाही, लहान पोराला त्याच्या मागं मागं पाठवते. नवऱ्याला कळत नाही की पोरगं सारखं मागं का येतं. त्यात कीव नाही, घरच्या माणसाची नजर आहे. आमच्या गावात तो कितीजणांनी पाहिला असेल? हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणजे ‘अंडररेटेड’. याला ‘उपेक्षित’, ‘दुर्लक्षित’ म्हणतात, पण आपला नेमका शब्द तयार आहे : पडेल भावात गेलेला. तूर, सोयाबीन, कापूस, प्रत्येकानं हे एकदा तरी अनुभवलं आहे. समजवून सांगावं लागत नाही.

पुसदकर

पाहीन. लगेच नाही, पण पाहीन.

आर्वीकर

वापराबद्दल एक. ‘भाव’ घेताना क्रियापद सांभाळा. ‘त्यानं त्या सिनेमात भाव खाल्ला’ म्हणजे तो उठून दिसला, स्तुती झाली. ‘तो भाव खातो’ म्हणजे तोरा मिरवतो. ‘त्याला कोणी भाव देत नाही’ म्हणजे विचारत नाही. आणि ‘भाव जास्त भेटला’ म्हणजे आपण बोलतोय ते. चारही रोजच्या बोलण्यातले, पण नवीन माणसाचा घोटाळा होईल.

माझ्या मते एका विशेषणाचा हट्ट सोडावा. ‘ओव्हररेटेड’ हे एका शब्दात उरकून मोकळं होता येतं, म्हणून सोपं वाटतं. आपल्याकडं पूर्ण वाक्य करावं लागतं : कोणी दिला, कशाला दिला, किती दिला.

हिंगणघाटकर

हेच घेऊन काल पुन्हा ठेल्यावर गेलो. पोट्टा होताच. त्याला म्हटलं, तो इंग्रजी शब्द बाजूला ठेव आणि काकाजींना पूर्ण वाक्यात सांग, कोणी भाव दिला आणि कशाला दिला. त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, “काकाजी, आपल्या गावातल्या प्रत्येक वरातीत झिंगाट वाजते. लोकं नाचतात. गाण्यायले भाव भेटला. पण शेवट… ते लहान लेकरू, त्याचे पाय, अन् आवाजच बंद. त्याच्याबद्दल आपल्या इथं कोनी एक शब्द बोलत नाही. त्याले भाव भेटाले पाह्यजे होता.”

दोनदा पाहिलेल्या सिनेमाबद्दल त्याला हे सांगायचं होतं. सैराटला जास्त भाव मिळाला असं त्याचं म्हणणंच नव्हतं.

काकाजी म्हणाले, “शेवट मी पाह्यलाच नाई बापू. टीव्हीवर लागला होता तवा लाइन गेली होती. ते घर घेतात, लेकरू होते, तेथपर्यंत पाह्यला.”

पोट्ट्यानं मोबाइल काढला. काकाजींनी चष्म्यासाठी नातवाला घरी पिटाळलं.